लाल की पांढरं

व्हर्डेल आमच्या बेथेल चर्चच्या दारात गेली वीस वर्षं उभी आहे. पांढरा गणवेश, पांढरे हातमोजे, तोंडावर हसू म्हणून नाही. प्रार्थना चालू असताना कोणी उशिरा आलं, तर ती हाताच्या एका इशाऱ्याने त्याला तिथेच थांबवते, मग तो साक्षात शेरीफ का असेना. लोक तिला खडूस म्हणतात. मीही म्हणायचे. पण तिच्याबद्दल बोलायचा हक्क मला इतरांपेक्षा जास्त आहे, कारण तिचं जे झालं त्यात माझाही हात आहे.

आमच्यात मे महिन्याचा दुसरा रविवार आईचा. त्या दिवशी चर्चला येणारा प्रत्येक जण छातीवर फूल लावतो. आई जिवंत असेल तर लाल, गेलेली असेल तर पांढरं. जो विसरून येतो त्याच्यासाठी दारात तबक ठेवलेलं असतं आणि दारातली बाई विचारते, "लाल की पांढरं?" कोणाची आई आहे आणि कोणाची नाही हे गावाला पाठ असतं, तरी विचारतात.

व्हर्डेल आठ वर्षांची असताना तिची आई इमोजीन तिला आईकडच्या आजीजवळ टाकून आमची दक्षिण सोडून उत्तरेला क्लीव्हलंड शहरात गेली. बाप त्याआधीच लाकडाच्या गिरणीत मेला होता. "खोली मिळाली की बोलावून घेते," असं इमोजीन जाताना म्हणाली. तिला खोली मिळाली, काम मिळालं, दुसरा नवराही मिळाला. बोलावणं मात्र आलं नाही. वर्षभराने आजी गेली, तेव्हा इमोजीनने मयतीला फुलं पाठवून दिली.

मग पोरीला चर्चनेच वाटून घेतलं. झोपायला सोफ्रोनिया आजीकडे. ही तिच्या नात्यातली नव्हे; सुईण म्हणून हिने अर्धं गाव जन्माला घातलं होतं. आणि जेवायला वार लावलेले. सोमवार आमचा होता. माझी आई चवळी आणि मक्याची भाकरी करायची आणि डुकराच्या मटणाचा मोठा तुकडा नेमका व्हर्डेलच्या ताटात पडायचा. माझा तिळपापड व्हायचा. आज सगळे छाती फुगवून सांगतात की पोरीला आपण गावाने वाढवलं. वाढवलं, खोटं नाही. पण सात घरी जेवणाऱ्या पोरीला सात घरी मान खाली घालून बसावं लागतं, हे कोणी सांगत नाही.

तरी दर मे महिन्यात ती लालच फूल लावायची. सोफ्रोनिया आजीच्या कुंपणावर जुन्या लाल गुलाबाचा वेल होता. तो वर्षातून एकदाच, मे महिन्यात, आमच्याकडचा उन्हाळा लागायच्या तोंडावर फुलायचा. त्यातलं सगळ्यात मोठं फूल व्हर्डेल आदल्या दिवशीच हेरून ठेवायची.

ती अकरा वर्षांची झाली त्या वसंतात माझे वडील क्लीव्हलंडला काकाकडे जाऊन आले. आल्यावर स्वयंपाकघरात आईला हळू आवाजात सांगत होते की इमोजीन भेटली, मजेत आहे, आणि तिने नवऱ्याला सांगून ठेवलंय की आपल्याला मूलबाळ नाही. मी दाराआड होते. पुढच्याच सोमवारी मटणाच्या तुकड्यावरून आमचं वाजलं, आणि मी ते व्हर्डेलच्या तोंडावर फेकलं.

"तुझी आई तर सांगत फिरते की तिला मूलच नाही."

व्हर्डेल रडली नाही. तिने आपल्या ताटातला तुकडा उचलला, माझ्या ताटात ठेवला आणि उरलेली चवळी खाल्ली. त्या मे महिन्यात ती पांढरं फूल लावून चर्चला आली.

सोफ्रोनिया आजीने तिचा दंड धरला. "पोरी, तुझी आई धडधाकट आहे. जित्या माणसाला मारतेस होय?"

"तिला मूल नाही," व्हर्डेल म्हणाली. "मग मला आई कुठून असणार?"

आजीने तिचा दंड सोडला. पुढे एकोणतीस वर्षं व्हर्डेलने पांढरंच लावलं. ती मोठी झाली, इस्पितळात रुग्णांची शुश्रूषा करायला लागली, आजीला तिनेच मातीत पोचवलं, आजीचं घर आणि वेल तिच्याकडे आला. लग्न केलं नाही. मागणी आली होती, पण बोलावतो म्हणणाऱ्या माणसांवर तिचा भरवसा नव्हता.

त्र्याऐंशी सालच्या मार्चमध्ये इमोजीन बसमधून उतरली. नवरा वारला होता, पोटात गाठ होती आणि तिथल्या डॉक्टरांनी हात टेकले होते. "मला बरं वाटेल तर बेथेलमध्येच," असं ती म्हणाली, आणि आमचे लोक लोण्यासारखे वितळले. परत आलेल्यासाठी आमच्यात कोंबड्या कापतात. जी कधी कुठे गेलीच नाही तिच्यासाठी कोणी पीठसुद्धा मळत नाही.

व्हर्डेलने एका शब्दाने कुरकुर न करता तिला घरात घेतलं. खिडकीजवळची खोली दिली, अंघोळ घातली, कूस बदलली, भरवलं. तिची चादर कधी मळलेली मी पाहिली नाही. फक्त हाक मारायची ती "इमोजीनबाई" अशी.

एप्रिलमध्ये पाळकसाहेबांनी आजाऱ्यांसाठी उपासना ठेवली. इमोजीनच्या कपाळाला तेल लावलं, चर्चमधल्या म्हाताऱ्यांनी तिच्यावर हात ठेवले, तासभर प्रार्थना चालली. इमोजीन उठली, वेदीपासून दारापर्यंत चालत गेली आणि म्हणाली, दुखायचं थांबलं. माणसं रडली, नाचली. मीही नाचले. चौथ्या दिवशी दुखणं दामदुपटीने परत आलं.

मग खोट कुठे राहिली त्याचा शोध सुरू झाला. "तेलात खोट नाही," पाळकसाहेब पुढच्या रविवारी म्हणाले. "प्रार्थनेतही नाही. कोणाच्या तरी मनात काहीतरी अडलंय, म्हणून वाट बंद आहे." शंभर माना दाराकडे वळल्या. व्हर्डेल समोर पाहत उभी राहिली.

इमोजीनची मागणी एकच होती. या मे महिन्यात पोरीने लाल फूल लावावं आणि ते आपल्याला दिसावं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हे सांगायची आणि प्रत्येक जण परतताना व्हर्डेलला चार गोष्टी ऐकवून जायचा. दुसऱ्याच्या पोरीला माफ करायला शिकवणं फार सोपं असतं. मीसुद्धा गेले.

"एका फुलाने तुझं काय जातंय ग?" मी म्हटलं. "मरायला टेकलीय बिचारी."

व्हर्डेल उशांचे अभ्रे घडी करत होती. "तुमच्याकडे सोमवारी जेवलेय म्हणून ऐकून घेतलं असतं," ती म्हणाली. "पण आज बुधवार आहे."

तो रविवार आला. मी इमोजीनला हाताला धरून चर्चच्या पायऱ्या चढवल्या. व्हर्डेल तबक घेऊन दारात उभी होती. पांढऱ्या गणवेशावर फूल लांबून दिसतच नव्हतं. इमोजीनला क्षणभर वाटलं असावं की अजून लावायचंय, कारण तिचा चेहरा उजळला. जवळ गेल्यावर दिसलं, पांढरं होतं.

"लाल की पांढरं, इमोजीनबाई?" व्हर्डेलने विचारलं.

इमोजीनने तबकाकडे पाहिलं. "पांढरं. माझी आई गेली."

"माहीत आहे," व्हर्डेल म्हणाली. "मी होते तिथे." आणि टोचणार नाही अशा बेताने तिने फूल इमोजीनच्या छातीवर लावलं.

त्या दिवशी आमचं गाणं काही रंगलं नाही. मायलेकी घरी गेल्या आणि इमोजीनने पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

जुलैत ती अंथरुणाला खिळली. एका दुपारी मी ओसरीवर वाटाणे सोलत बसले होते, तर व्हर्डेल घरातल्या सपाता घालून उन्हातून आली. मला वाटलं, संपलं.

"इमोजीनबाई विचारतात वेलाला फुलं आली का," ती म्हणाली. "वेलाला नुसती पानं आहेत." मग थांबून म्हणाली, "तुझ्याकडे लाल काही आहे का?"

माझ्या परसात लाल झिनिया होता. मी कात्री घेऊन धावले. तिने फूल घेतलं आणि म्हणाली, "काही बोलू नकोस." मी तिच्यामागून गेले.

खोलीत इमोजीनचे डोळे उघडे होते. व्हर्डेलने फूल छातीवर लावलं, खाटेवर वाकली आणि फूल तिच्या डोळ्यांसमोर धरलं. "बघ," ती म्हणाली. "लाल आहे. आई, बघ ना."

इमोजीनने तिच्याकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं. "सिस्टर," ती म्हणाली, "जरा पाणी द्या."

व्हर्डेलने पाणी दिलं. हनुवटी पुसली. संध्याकाळपर्यंत ती तशीच वाकून बसली होती, पण इमोजीनला पुढे कोणीच ओळखू आलं नाही. गुरुवारी ती गेली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पण ते घोडं तिच्या अकराव्या वर्षी मीच बांधून ठेवलं होतं, आणि अजून मला त्याची माफी मागायला जमलेलं नाही. मयतीत पाळकसाहेब म्हणाले की लेकीने अखेर मन मोकळं केलं म्हणून आई शांतपणे गेली. मी उठून त्यांना खोटं पाडणार होते. व्हर्डेलने दारातून मला हाताचा इशारा केला आणि मी खाली बसले.

पुढच्या मे महिन्यापर्यंत पाळकसाहेबांची बदली झाली होती. नव्या पाळकांची बायको अटलांटाची, तरुण, बोलकी. त्या रविवारी ती माझ्यापुढे रांगेत होती. दारात व्हर्डेल तबक घेऊन उभी होती आणि तिच्या छातीवर सोफ्रोनिया आजीच्या वेलाचा सगळ्यात मोठा लाल गुलाब होता. पांढरं आता कुठे तिच्या हक्काचं झालं होतं. गावातले सगळे बघत होते आणि खाली माना घालून आत जात होते.

"अरे वा, तुमची आई आहे अजून," ती पोरगी कौतुकाने म्हणाली. "कुठे असतात?"

चर्चच्या मागच्या कबरस्तानाकडे व्हर्डेलने एकदा पाहिलं आणि हातमोजा नीट केला.

"इथेच असते," ती म्हणाली. "आता कुठे जात नाही ती."