चार गावांचा कॉम्प्युटर

माझ्या साडूभाऊंइतका डोक्यात जाणारा माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा नाही, आणि असलाच तर त्यानं माझ्यासमोर येऊ नये. माझी सहनशक्ती संपली आहे. भैंशात आमचा दोघांचा व्हिडिओ शूटिंगचा स्टुडिओ होता. ते कॅमेरा धरायचे, मी कापाकापी करायचो. त्याआधी बरीच वर्षं ते जिनिंगवर कापूस पारखायचे, आणि तिथला एक नियम त्यांच्या हाडात मुरला होता: सगळा सौदा एका दुकानात करायचा नाही, नाहीतर दुकानदार माजतो. हा माणूस चहा एका टपरीवर प्यायचा आणि सोबतचं बिस्किट दुसऱ्या टपरीवरून आणायचा. शर्टाचं कापड एकाकडून, बटणं दुसऱ्याकडून. एकदा डाव्या चपलेचा अंगठा एकाकडून शिवला, उजव्याचा दुसऱ्याकडून, आणि वर मलाच समजावलं, "दोघंबी धाकात राह्यतात."

चपलेपर्यंत मी गप्प होतो. पण नव्वदीचं दशक सरत आलं आणि एडिटिंगचा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं, तेव्हा मी अक्षरशः हात जोडले. "भाऊ, सगळे भाग एकाच ठिकाणी घेऊ. त्यांचं एकमेकांशी जुळावं लागते."

"तुले काय समजते बापा! एकाच दुकानातून घेतला तं तो आपल्याले जन्मभर नाचवते."

झालं! मदरबोर्ड हैदराबादहून आला, कॅसेटवरचं चित्र आत घेणारं कार्ड नागपूरहून, रॅम नांदेडहून आणि नुसता रिकामा डबा निर्मलहून. हार्ड डिस्कवरून तर आमची चांगलीच जुंपली. मला एक मोठी हवी होती, कारण साडूभाऊंना कॅमेरा बंद करायची सवयच नव्हती. खांद्याला चालू कॅमेरा लटकवून हे खुशाल पंगतीला बसायचे. लग्न दोन तासांचं, कॅसेटी सहा तासांच्या! एवढा पसारा ठेवायचा कुठे? त्यांनी दुकानात डिस्क हातात घेऊन तोलली, कानाशी धरून हलवली (दुकानदार ओरडला), आणि शेवटी दोन लहान घेतल्या, अर्थात यातल्याच दोन गावांतून. "एक जळाली तं दुसरी राह्यते."

"दोन्हीत मिळून लग्नातली हळदसुद्धा मावायची नाही!" मी म्हणालो.

"मंग हळद कमी लावा म्हना."

याला काय म्हणायचं सांगा! कडी म्हणजे, नवा कॉम्प्युटर सुरू व्हायच्या आत त्यांनी आमचा जुना, दोन व्हीसीआर जोडलेला सगळा संसार विकूनही टाकला.

आणि नेमकं तेव्हाच मुधोळच्या एका गुरुजींच्या मुलीचं लग्न आलं. एकुलती एक पोरगी. नवरा मुलगा बेल्लमपल्लीला कोळसा खाणीत कामाला, लग्न तिकडेच होतं. तोंडावर आलं आणि मुलीची आई अंगणात पडली, पाय प्लास्टरमध्ये. माझ्यापायी तारीख हलवायची नाही, असा तिनंच हट्ट धरला आणि ती घरीच राहिली. साडूभाऊ तिच्या खाटेपाशी जाऊन शब्द देऊन बसले, "वयनी, पुनवेच्या आत पोरीचं लग्न तुमच्या घरी आनून दाखवतो."

पुनव आली आणि गेली. कॉम्प्युटर सुरू व्हायचा, पण नवरानवरी वाटेतच गोठायचे आणि बुद्धवंदनेचा आवाज एकटाच पुढे निघून जायचा. हैदराबादवाला म्हणे कार्ड खराब, नागपूरवाला म्हणे बोर्ड भंगार, नांदेडवाला म्हणे आमची रॅम सोडून बाकी सगळं बदला. धाकात कोणीच नव्हतं, सगळे मोकळे! गुरुजी दर बाजाराला येऊन बाकावर बसायचे. एकदाच म्हणाले, "ती काई विचारत नाई. पन टीव्हीवरचा कपडा तिनं काढून ठेवायले लावला हाय."

ते गेले आणि माझा तोल सुटला. "भाऊ, ती बाई वाट पाहून राह्यली तिकडं! काऊन दिला शब्द? तुमच्या चार गावांनी वाटोळं केलं आपलं!" साडूभाऊ उठले. त्यांनी कॅमेरा, वायर, कॅसेटी पिशवीत भरल्या. "चाल मुधोळले."

"न कापलेलं दाखवता? अब्रू जाईल माझी!"

"तुही अब्रू मंग पाहू. चाल."

बसमध्ये मी मुद्दाम दुसऱ्या सीटवर बसलो. गुरुजींच्या घरी त्यांनी कॅमेऱ्याची वायर टीव्हीला जोडली. खाटेवर उशीला टेकून बाई बसली होती. पोरगी दिसली, पांढरी साडी, हातात हार, आणि बाईनं तोंडाला पदर लावला. पण थोड्याच वेळात चित्र हललं, खाली आलं, आणि पडद्यावर नुसती जमीन. सतरंजी, चपला, कोणाचे तरी पाय. भाऊंनी कॅमेरा खांद्याला लटकवला होता, चालूच! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी कॅसेट पुढे पळवायला बटणाकडे हात नेला, तेवढ्यात त्या चपलांवरून पोरीचा आवाज आला. कोणाला तरी हळूच विचारत होती, "आत्याबाई, आई जेवली असन का वं? मी नाई तं कोन वाढलं असन तिले?"

बाईनं पदर बाजूला केला. टीव्हीकडे पाहून म्हणाली, "जेवली वं माय. जेवली मी."

मी ते सगळं कापून फेकलं असतं, त्यासाठीच तर कॉम्प्युटर हवा होता मला. गुरुजी भिंतीकडे तोंड करून उभे होते. मी बटणाकडे नेलेला हात मागे घेतला.

"भाऊजी," बाई साडूभाऊंना म्हणाली, "थे पुन्हा लावा."

त्यांनी मागं घेतलं. पुन्हा सतरंजी, पुन्हा चपला. पोरीनं पुन्हा विचारलं आणि आईनं पुन्हा सांगितलं, "जेवली वं माय."