कपाटामागचा जोड

भाकरी फुगत आली होती तेवढ्यात दाराची कडी वाजली. रखमाबाईंनी भाकरी बोटांनीच उलटली. चटका बसला असावा, कारण बोटाचं टोक लाल झालं. पीठ लागल्यासारखं त्यांनी ते पदराला पुसलं, भाकरी टोपलीत टाकली आणि दार उघडायला गेल्या. गॅस तसाच राहिला.

दारात सुजित, खांद्यावर काळ्या वायरीचं भेंडोळं. मूळ चिंचणीचा हा पोरगा बोईसरच्या त्यांच्या गल्लीत केबलचं बघायचा. इंटरनेट तुटण्याच्या एकाच तक्रारीसाठी त्याची ही तिसरी खेप.

"काकी, आज सोक्षमोक्ष लावूनच जातो," तो चपला काढत म्हणाला. "तुमच्या मोनालीताईनं फोन करकरून आमच्या सेठचं डोकं खाल्लंय."

"खाणारच!" आतल्या खोलीतून मोनाली ओरडली. "तुमचा सेठ माझा पगार खातोय तो?"

मोनाली घरी बसून एका कंपनीचे ग्राहकांचे फोन घ्यायची. कॉम्प्युटरवरूनच बोलायचं, त्यामुळे इंटरनेट दमलं की बोलणं तुटायचं. काल तिच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं, आजही असंच झालं तर सोमवारपासून ठाण्याच्या ऑफिसात येऊन बसायचं. म्हणजे तिथेच खोली घ्यायची आणि रविवारचं तेवढं घरी यायचं. मागे रखमाबाई एकट्या.

उन्हाळ्यात त्यांचे यजमान चंद्रभान गेले. जळगावकडून तरणेपणी इकडे आलेले, कारखान्यात इलेक्ट्रिशियन. आधी कुंभवलीत भाड्याची खोली, मग बोईसरला हे दोन खोल्यांचं घर. एके दिवशी ड्युटीवरून आले, पाय धुवायला मोरीत बसले, ते उठलेच नाहीत. रखमाबाई त्या दिवशी रडल्या नाहीत, दहाव्यालाही नाहीत. कंपनीतून त्यांचा डबा परत आला तेव्हा तो घासून पालथा घातला, बस. शेजारच्या हेतलबेन येता-जाता म्हणायच्या, "रडून घे गं बाई, छाती मोकळी होईल." बाजारातून कोथिंबीर आणायला सांगावं तशा रखमाबाई मान डोलवायच्या.

सुजितने बाहेरच्या केबलच्या डब्याला मीटर लावून पाहिलं, मग आत येऊन मोडेमपाशी पाहिलं. दोन्ही वेळा त्याचा चेहरा वेगळा झाला.

"बाहेर सिग्नल झकास हाय. हितं येईस्तोवर मरतो. मोडेम बदलून झाला, वायरीची टोकं बदलून झाली. आता ही मधली वायरच राहिली. काकी, हिच्यात कुठं जोड नाय ना?"

हा प्रश्न त्याने मागच्या दोन्ही खेपांना विचारला होता. दोन्ही वेळा रखमाबाई म्हणाल्या होत्या, नाही. कपाट सरकवू का विचारलं, तर म्हणाल्या होत्या, भरलेलं आहे, हलत नाही.

जोड होता. तो कपाटामागेच होता आणि त्यांना तो डोळे मिटूनही दाखवता आला असता. मोनालीची शाळा घरून चालायची त्या वर्षी तिचं टेबल आतल्या खोलीत लावलं आणि वायर अपुरी पडली. केबलवाला उद्या येतो, परवा येतो करत होता. चंद्रभान म्हणाले, "त्याच्या काय पाया पडायचं? दोन तारा तर जोडायच्या!" कारखान्यातून उरलेला तुकडा आणला. आधी सुताचा दोरा निळीच्या पाण्यात बुडवला. एक टोक रखमाबाईंच्या हातात दिलं, "घट्ट धर, हलू नको," आणि मधे दोरा ताणून सोडला. भिंतीवर सरळ निळी रेघ उमटली. त्या रेघेवर त्यांनी क्लिपा ठोकल्या, एकेक मोजून-मापून. रखमाबाईंच्या नाकावर निळीचा शिंतोडा उडाला होता, त्याला दिवसभर हसले होते.

"हॅलो मॅडम, आवाज येतोय का? हॅलो?" आतून मोनालीचा आवाज आला. "हॅलो?"

बोलणं तुटलं. गळ्यात हेडफोन तसाच ठेवून मोनाली दारात आली. चिडलेली नव्हती, आणि तेच वाईट होतं.

"आई, मोठी बॅग माळ्यावरच आहे ना?"

रखमाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग सुजितकडे.

"जोड आहे," त्या म्हणाल्या. "कपाटामागे."

"आता सांगताय काकी? दोनदा विचारलं की मी!"

"हो."

त्याने मीटर खाली ठेवलं. तिघांनी मिळून लोखंडी कपाट ओढलं. मागे धूळ, एक हरवलेला कंगवा आणि फूटपट्टीने आखल्यासारखी वायर. तिच्या मधोमध काळ्या टेपचा फुगा.

सुजितने टेप सोलली. आतलं तांबं हिरवंगार झालं होतं. "बघा! इथली हवा तांब्याला कुठं सोडते? आणि हे कुणा लाइटवाल्यानं केलंय. पंख्याची वायर जोडावी तसा पीळ मारलाय. करंटला चालतं काकी, सिग्नलला नाय. तारेवरची जाळी उघडी पडली की निम्मा सिग्नल हितंच सांडतो. कोण हा शहाणा?"

"बाबांनी केलंय," मोनाली हळूच म्हणाली.

सुजितने जीभ चावली. काहीतरी करायचं म्हणून त्याने जोड दोन्ही बाजूंनी ओढून पाहिला. सुटला नाही. पुन्हा जोर लावला. "मजबूत हाय पण," तो पुटपुटला. "काकांनी ओढून सुटंल असं काय ठेवलं नाय."

रखमाबाईंना वाटलं, आता आपल्याला काहीतरी होईल. त्या वाट पाहत उभ्या राहिल्या. काही झालं नाही. स्वयंपाकघरातून रिकामा तवा तापल्याचा वास आला, तेव्हा त्या जाऊन गॅस बंद करून आल्या.

तोवर सुजितने भेंडोळं सोडलं होतं. "बिनजोडाची सलग वायर टाकतो. खिडकीतून नेली की अंतर पण कमी. ताईला मग कुठं जायला नको, निदान आमच्यामुळं तरी नको. आणि या जुन्या क्लिपा उपटून टाकतो, भिंत साफ दिसंल."

त्याने पक्कड पहिल्या क्लिपेला लावली. वायरीखाली निळीची रेघ अजून दिसत होती, पुसट, पण सरळ.

"सुजित," रखमाबाई म्हणाल्या, "जोड कापून टाक. पण नवी वायर या क्लिपांतूनच ने."