शकूबाईची काविळीची माळ

करंजाड्याच्या पलीकडे शकूबाईचं घर कुणाला शोधावं लागत नसे. काविळीची माळ म्हटलं की रिक्षावालाच दारात आणून सोडायचा. ही तिच्या सासूची विद्या. मिठागरं गेली, शेतांवर टॉवर उभे राहिले, आणि डोळे पिवळे झाले की त्या टॉवरमधले शिकलेले लोकही तिच्यासमोर मुकाट्याने मान तुकवू लागले. काड्यांची इवलीशी माळ डोक्यावर ठेवायची. ती आपसूक लांबत खांद्यावर, मग कमरेवर उतरते, तशी कावीळ उतरते. नियम एकच, माळेला कात्री लावायची नाही. आता काड्या सुकल्या की गाठी सैल पडणारच, आणि बहुतेकांची कावीळ तशीही आपली आपण बरी होते. पण शकूबाईचा माळेवर देवाइतका विश्वास होता.

तिच्याच पोराला, निकेशला कावीळ झाली तेव्हा तिने मोठ्या मायेने माळ बांधली. माळ कमरेपर्यंत आली. पोरगा मात्र दिवसभर झोपायचा आणि रात्री टक्क जागा. आज सकाळी त्याने चहाचा कप कानाला लावला आणि म्हणाला, "हॅलो." शकूबाईला हसूच आलं. मग त्याने तिच्याकडे पाहून विचारलं, "तुमी कोन?"

तिने तशीच रिक्षा बोलावली.

पनवेलच्या हॉस्पिटलात नर्सने कात्री उचलली तशी ती ओरडली, "कापू नको गो बाय, उतरलीय त्याची!"

डॉक्टर रंजिता रागावली नाही, आणि त्याचीच शकूबाईला जास्त भीती वाटली. "मावशी, आतड्यातून रोज विषारी द्रव्यं रक्तात येतात. लिव्हर ती मोडून साधी करतं, मग किडनी लघवीवाटे बाहेर टाकते. निकेशची किडनी चांगली आहे, पण लिव्हरने काम टाकलंय. ती घाण रक्तातून मेंदूत पोचलीय. म्हणून तो तुम्हाला ओळखत नाही. झोप वाढली तेव्हाच आणायचं होतं."

"वाचंल ना?"

"आज नाही सांगता येणार."

कापलेली माळ मुठीत धरून शकूबाई बाहेर बाकावर बसली. तेवढ्यात फोन वाजला. करंजाड्याचा दीपेश. गेल्या आठवड्यात त्याच्या ऋचाला तिनेच माळ घातली होती.

"मावशी, गुण येतोय हां! माळ खांद्यावर आली. फक्त पोरगी सारखी झोपून असते. उठवलं तरी काहीतरी भलतंच बोलते."

शकूबाईने मुठीतल्या माळेकडे पाहिलं. खरं बोललं की सासूची विद्या बुडाली, गावात तोंड दाखवायला जागा उरली नाही. आणि आत पडलेल्या पोराला आपणच घरी ठेवलं, हेही आपल्याच तोंडाने कबूल करायचं.

"दादा, रिक्षा बोलाव. तिला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात ने."

"पण माळ अजून उतरायचीय. कात्री लावायची नाही म्हणाला होतात ना?"

"लाव रे बाबा कात्री," शकूबाईला रडू फुटलं. "माझ्या निकेशला मी वेळेवर लावली नाय."