चाचांचं राहिलेलं पान

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे, असं कुणी विचारलं तर मी मशीनवाल्या चाचांचं नाव घेतो. अमरावतीत त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. भातकुलीकडच्या खेड्यातून मी कॉलेजला आलो, त्या दुकानावरच्या माडीवर तीन वर्षं राहिलो आणि आमच्या घराण्यातला पहिला बी.ए. झालो. निकालाच्या दिवसापासून त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली नाही. ‘बीए’ म्हणत.

तुम्ही त्यांना पाहिलं असेल तर एक गोष्ट नक्की आठवेल. मशीन समोर आली की ते आधी तिचं चाक हाताने एकदा फिरवत आणि कान जवळ नेत. गिऱ्हाईक बिघाड सांगत असायचं. चाचा हात वर करायचे, "थांबा जरा. तिले बोलू द्या."

पुढे मी शाळेत मास्तर म्हणून लागलो. अक्षर बरं, म्हणून शहरातल्या एका सेवाभावी क्लबने मला चिटणीस केलं. क्लबचं काम खोटं नव्हतं, हे आधी सांगतो. उन्हाळ्यात पाणपोई, मोतीबिंदूची शिबिरं, रक्तदान. झाडंही लावत, बहुतेक गेल्या वर्षीच्याच खड्ड्यांत. मग ती वाईट वर्षं आली. वऱ्हाडातल्या गावागावांत कर्ती माणसं जीव देऊ लागली. मागे राहिलेल्या बायकांना क्लबने शिलाई मशिनी द्यायचं ठरवलं. मंडप, बँड, हार आणि प्रत्येक मशीनवर क्लबच्या नावाची पितळी पाटी. अध्यक्षांचा हुकूम होता, पाटी अशी चिकटवा की जन्मात निघू नये.

त्या कार्यक्रमाचा अहवाल मी चाचांना वाचून दाखवला. ते ऐकून म्हणाले, "देल्ल्या ते समजलं, बीए. चालतात का?"

अहवालात ते नव्हतं. रविवारी त्यांनी मला मोपेडवर मागे बसवलं आणि रिद्धपूरच्या बाजूच्या एका गावात नेलं.

त्या घरात मशीन भिंतीशी होती. वर चादर, चादरीवर ज्वारीचा डबा. बाई डबा उचलता उचलता म्हणाली, "दोन महिने चालली. मंग जड होत गेली. माह्याच हातानं बिघडली वाटते. तुमी परत तं नाई नेणार न?"

चाचांनी चाक फिरवून पाहिलं. फिरेना. मग त्यांनी वरच्या आडव्या भागावरच्या पाटीकडे पाहिलं. रॉकेलचा बोळा पाटीच्या कडेने फिरवला, चपटा पेचकस घातला आणि हळूहळू पाटी उचकटली. खाली तेल सोडायची दोन छिद्रं होती. आम्ही ती बुजवून मशीन दिली होती.

"पाह्य बाई," चाचा म्हणाले, "तुह्या हातानं नाई बिघडली. आमच्या नावानं बिघडली."

पुढचे कित्येक रविवार आम्ही चांदूर बाजारापर्यंतची गावं पालथी घातली. सगळीकडे तेच. कोणी तक्रार केली नव्हती, कारण दिलेल्या वस्तूला नाव कसं ठेवायचं. काढलेल्या पाट्या चाचा पिशवीत जमा करत. ती पिशवी त्यांनी एके दिवशी अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली.

"तुम्ही आमचं नाव काढलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"काढलं नाई साहेब. पिशवीत सांभाळून ठेवलं."

"पाटीच नसली तर मशीन कोणी दिली हे लोकांना कळणार कसं?"

"चालली तं आपोआप कळन. बंद पडली तं पाटी वाचूनच कळून राहिलं."

अध्यक्ष हसले नाहीत. मीही हसलो नाही, आणि त्याची मला आजही चीड येते.

क्लबला पंचवीस वर्षं झाली. इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरलं आणि लिहायचं काम माझ्याकडे आलं. चाचांनी आयुष्यात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. "एक पान त्या भोकाचं लिही. नव्या मशिनी येऊन राहिल्या. पुन्हा तेच व्हाले नको."

मी पान लिहिलं. अध्यक्षांनी ते वाचलं, शांतपणे बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "गुरुजी, इतिहासात तक्रार नसते." एवढं पुरलं मला. एका वाक्यात गप्प बसलो. चाचांच्या पानाच्या जागी सत्काराचा फोटो गेला.

पुस्तक घेऊन मी दुकानात गेलो. चाचांनी चष्मा पुसला आणि एकेक पान उलटत शेवटपर्यंत गेले. मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पुस्तक मिटून त्यांनी त्यावरून हात फिरवला.

"कागद जाड वापरला," ते म्हणाले. "चांगला आहे."

मला ओरडले असते तर बरं झालं असतं. त्याच वर्षी त्यांची नजर गेली आणि मुलाने त्यांना अकोल्याला नेलं. दुकान बंद झालं. माडीवर कॉलेजपासून पडून राहिलेलं माझं सामान आणायला गेलो, तेव्हा खिडकीत त्यांचा चपटा पेचकस होता.

नव्या मशिनी वाटल्या त्या दिवशी मी त्यांना पत्र लिहिलं. नातीने ते दोनदा वाचून दाखवलं, असं मागाहून कळलं. त्यानंतर फार दिवस ते राहिले नाहीत. पत्राची नक्कल माझ्याकडे आहे.

चाचा,

सलाम. नव्या मशिनी आल्या. पाट्या पुन्हा तिथेच. मी सभेत सांगितलं, तर ऐनवेळी खोडा घालू नका म्हणाले. म्हणून आज सकाळी मंडपात सगळ्यांच्या आधी गेलो. रॉकेल नेलं होतं. पंधरा मशिनी होत्या. माझा हात तुमच्यासारखा नाही, सहाच पाट्या निघाल्या. मग बँडवाले आले.

अध्यक्षांनी मोकळ्या मशिनी पाहिल्या आणि माझ्याकडेही पाहिलं. चिटणीस आता दुसरा होईल.

उरलेल्या नऊ कोणत्या गावांत गेल्या ते लिहून घेतलं आहे. रविवारी निघतो. चाक आधी हाताने फिरवीन, कान लावीन. पण जड मशीन काय बोलते ते मला अजून नीट कळत नाही. ते तेवढं शिकायचं राहिलं.

पेचकस माझ्याकडे आहे. तुम्ही विसरलात की ठेवून गेलात, ते कळवा.

तुमचा,
बीए