रविवारपर्यंत उलटा

एखादी वस्तू उलटी झाली तर जगातली सगळी माणसं ती वस्तू सरळ करतात. आमचे मामेसासरे तेवढे स्वतः उलटे होतात. असा माणूस लोणार तालुक्यात दुसरा नाही, आणि तालुक्याबाहेर कुठे असलाच तर त्याची नि मामांची गाठ पडू नये. मामेसासरे म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा. बीबी गावात आमच्यापासून दोन घरं सोडून राहतात. उभी हयात तलाठ्याची नोकरी केली, त्यामुळे ज्या खात्याचं काम त्याच खात्यानं करावं हा नियम त्यांच्या हाडात मुरलेला. घरातही खाती ठरलेली होती. स्वयंपाक, पाहुणे आणि मुलाशी फोनवर बोलणं मामींकडे. बाकीचं जग मामांकडे. मुलगा गजू बंगळुरूला नोकरीला. दर रविवारी दुपारी त्याचा फोन यायचा, मामी तासभर बोलायच्या, आणि शेवटी फोन मामांच्या कानाला लावला जायचा. मामा म्हणायचे, "बरं हाये ना?" तिकडून गजू म्हणायचा, "हाव." की संपलं. मग मामी गेल्या, आणि ते अख्खं खातं एकाएकी मामांच्या अंगावर आलं. गजू काही वाईट मुलगा नाही. तो फोन चुकवत नसे. पण "बरं हाये ना" आणि "हाव" झाल्यावर पुढे काय बोलायचं हे त्या दोघांनाही कोणी शिकवलेलं नव्हतं.

त्यांना वाट करून दिली ती कॉम्प्युटरनं. गजूनं कॉलेजात असताना घेतलेला तो कॉम्प्युटर जाताना घरीच ठेवला होता. त्यावर मामा तुरीचे भाव बघत, पत्ते खेळत, आणि नातीचे, म्हणजे गजूच्या लेकीचे, फोटो एकेक करून उलटत बसत. त्याची बडदास्त मात्र देवासारखी. सकाळी आंघोळ झाली की देव पुसायचे, आणि त्याच ओल्या फडक्याची दुसरी घडी करून कॉम्प्युटर पुसायचा, तोही चालू असताना. मी एकदा म्हटलं, "मामा, आधी बंद तर करा." तर म्हणाले, "बंद असल्यावर त्याले समजते काय, कोणी पुसून राह्यलं म्हून?" आता चालू यंत्राच्या बटनांवरून ओलं फडकं फिरवलं की चार बटनं एकदम दाबली जाणार आणि पडद्यावर काहीतरी उलथापालथ होणार, हे मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. माझं खताचं दुकान आहे, दिवसभर कॉम्प्युटरवरच बिलं करतो, तेव्हा एवढं मला कळतं. पण मी पडलो खतवाला. कॉम्प्युटर हे गजूचं खातं.

पहिला मोठा प्रसंग घडला खंडेनवमीला. त्या दिवशी आपल्याकडे नांगर, कुऱ्हाड, मोटारसायकल, जे जे कामाचं त्याची पूजा होते. मामांनी कॉम्प्युटरलाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला आणि नारळ ठेवला तो नेमका बटनांच्या उजव्या कोपऱ्यावर. आरती होईस्तोवर पडद्यावरचं सगळं चित्र डोकं खाली पाय वर. मी प्रसादाला गेलो होतो. म्हटलं, सरकवा, दोन-तीन बटनांचं काम आहे. मामांनी माझा हात धरला. "हात नका लावू, जवाईबापू. रविवार काई दूर नाही." आणि रविवारपर्यंत काम अडू नये म्हणून त्यांनी काय करावं? दोन पाटांच्या आधारानं अख्खा पडदाच उलटा करून ठेवला. चित्र सरळ दिसायला लागलं. आठवडाभर ते शीर्षासनातल्या कॉम्प्युटरवर पत्ते खेळले. रविवारी गजूनं फोनवर बटनं सांगितली, मामांनी दाबली, आणि म्हणाले, "आता उलटं झालं." पुन्हा दाबायला लावली. "आता पुन्हा होतं तसंच झालं." असं तासभर चाललं. शेवटी गजूचा बिचकत प्रश्न आला, "बाबा, तुमी पडदा तं उलटा नाही ना ठेवला?" मामा म्हणाले, "हाव मंग. तवाच तं दिसून राह्यलं." बापलेक दोघेही हसत सुटले. मामी गेल्यापासून त्या घरातून हसण्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

त्या दिवसापासून मामा बिघाड रविवारसाठी राखून ठेवू लागले. गल्लीत लोक म्हणत, म्हातारा मुद्दाम बिघडवतो. मी शपथेवर सांगतो, तसं नव्हतं. मुद्दाम बिघडवायला ते यंत्र कळावं लागतं, आणि मामांना ते कधी कळलं नाही. फडकं आपलं काम करायचं. मामा फक्त दुरुस्ती होऊ द्यायचे नाहीत. एकदा चित्र आडवं झालं, तर खाट ओढून टेबलाला लावली आणि डाव्या कुशीवर पडून बातम्या वाचल्या. मान आखडली, म्हणून माझ्या बायकोनं तेल चोळून दिलं, तेव्हा तिलाही सांगितलं की तुझ्या नवऱ्याला आत येऊ देऊ नको, तो चोरून सरळ करेल. एकदा अक्षरं इतकी मोठी झाली की एका शब्दातच पडदा भरला. मामांनी खुर्ची मागे सरकवत सरकवत थेट ओसरीत नेली. मग रस्त्यानं जाणारे लोक फाटकाशी थांबून तुरीचा भाव वाचू लागले, आणि शनिवारी एकानं येऊन विनंतीही केली की हे असंच राहू द्या, चष्मा लागत नाही.

अशा आठवड्यांत मामांच्या अंगात वेगळाच हुरूप यायचा. गुरुवारपासून मला सांगायचे, "गजूले ईचारतो, असं काऊन झालं असंन." प्रश्न मनात घोळवून, घासूनपुसून ठेवलेला असायचा. आणि ज्या आठवड्यात फडक्यानं काहीच केलं नाही, त्या रविवारी मामा फोनसमोर असे बसायचे की मला त्यांच्याकडे बघवत नसे. "बरं हाये ना?" "हाव." आणि लगेच "ठेवतो मंग."

मागच्या उन्हाळ्यात गजूचा मला फोन आला. म्हणाला, "भाऊजी, तुमी तं दोन घरं सोडून राह्यता. दोन मिनटाचं काम असते, तुमीच करून देत जा ना. माहा अख्खा रविवार बटनं सांगन्यात जाते." मला राग आला. तो गिळून मी म्हटलं, "गजू, तुहे बाबा मले हात लावू देत नाही. त्याईले बटनं नाही पाह्यजेत, तुह्याशी बोलाचं असते." तो म्हणाला, "मले समजते, भाऊजी. पन मले बी बोलता येत नाही." मग त्यानं सांगितलं की एक सोय आहे, ती केली की तो बंगळुरूत बसूनच घरचा कॉम्प्युटर चालवू शकतो. ती सोय त्यानं पुढच्या रविवारी फोनवर स्वतःच मामांकडून करून घेतली. तो फोन आजवरचा सर्वांत लांब. मामा घामाघूम, पण चेहरा असा फुललेला की लग्नघरात शोभावा. फोन ठेवून मला म्हणाले, "आता गजू तिथून इथं येऊ शकते, जवाईबापू."

त्याच्या पुढचा रविवार. चित्र पुन्हा आडवं झालेलं होतं. बायकोनं वरणबट्टीचा डबा दिला होता तो घेऊन मी गेलो, तर मामा इस्त्रीचा सदरा घालून पडद्यासमोर बसलेले. फोन मांडीवर. तो वाजला नाही, नुसता एक निरोप आला, 'बाबा, चालू ठेवा'. आणि पडद्यावरचा बाण आपोआप हलला. मामांनी दोन्ही हात झटकन मागे घेतले. बाण इकडे गेला, तिकडे गेला, एक चौकट उघडली, आणि चित्र सरळ झालं. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच. पण बाण गेला नाही. त्यानं नातीचे विस्कटलेले फोटो एका ओळीत लावले, पत्त्यांचा अर्धा डाव बाजूला केला. मामा हळू आवाजात सांगत होते, "पाह्यलं? आता तिकडं चालला. लहानपनापासून असाच. घरात आला का सामान लावत बसे." मग बाण पडद्याच्या एका मोकळ्या जागी येऊन थांबला. बराच वेळ थांबला. मामा पुढे झुकले आणि पडद्याला म्हणाले, "गजू, जेवला काय रे?"

पलीकडे ऐकू जायची काही सोय नव्हती, हे मला माहीत होतं. फोनवर निरोप आला, 'झालं बाबा'. मला वाटलं, आता तरी फोन करेल. आम्ही दोघंही मांडीवरच्या फोनकडे बघत राहिलो. तो वाजला नाही, आणि मला त्या पोराचा राग आला, आणि रागापेक्षा जास्त कीव आली, कारण तोही तिकडे असाच फोन हातात धरून बसला असणार, याची मला खात्री होती.

काहीतरी करायचं म्हणून मी उद्याचं हवामान बघायला माउसकडे हात नेला. मामांनी तो वरच्या वर धरला.

"राहू द्या, जवाईबापू," ते म्हणाले. "तो तिथंच उभा हाये."

मी हात मागे घेतला. वरणबट्टी तशीच डब्यात राहिली. संध्याकाळी मामांनी देवापुढे दिवा लावला, आणि कॉम्प्युटर बंद न करता ते पुन्हा येऊन त्या बाणासमोर बसले.