झाकणावरची तोफ

एमआरआयच्या नळीत शिरणाऱ्या सासऱ्यांना मी म्हणालो, "घाबरू नका मामाजी, टँकमध्ये बसल्यासारखंच आहे."

फौजेत त्यांनी टँकच चालवला होता. धीर द्यायला याहून नामी वाक्य सापडणार नाही, असं मला वाटलं. ते मात्र पलंगावर ताडकन उठून बसले. कपाळावर घाम.

महिनाभरात त्यांचा उजवा पाय बोटांपर्यंत बधिर झाला होता. मणक्याचा फोटो पाहिल्याशिवाय डॉक्टर ऑपरेशन करणार नव्हते, आणि उशीर झाला तर पाय जाईल, हेही सांगून बसले होते. दोनदा मामाजी या दारातून उमरेडला परत गेले होते. तिसऱ्यांदा पटवायची जबाबदारी बायकोनं माझ्यावर टाकली होती.

"टँकमंदी काय झालं होतं, मालूम हाये का तुमाले?"

मालूम नव्हतं. लग्नाला एकवीस वर्षं झाली, मी एकदाच विचारलं होतं, की टँक मायलेज किती देतो.

लढाईत गोळा लागला आणि टँक बंद पडला. तोफ नेमकी ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या झाकणावर येऊन थांबली. झाकण उघडेना. आत धूर. "गनरनं हातानं चाक फिरवू फिरवू तोफ बाजूले केली, तवा निघालो मी. तो पयून गेला असता त..." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "माह्या पायाचा अंगठा धरून ठेवा. म्हनजे मले समजन, बाहेर कोनी हाये."

टेक्निशियननं त्यांच्या हातात रबरी फुगा दिला. तो दाबला की मशीन बंद, म्हणजे ही खेपही फुकट. मला कानात घालायला कापूस दिला. इतवारीच्या भांडेबाजारात जन्म गेलेला माणूस मी, ऐटीत परत केला.

मशीन सुरू झालं आणि पिंपावर घण पडावेत तसा आवाज आला. मी अंगठा घट्ट धरला. काही वेळानं त्यांचा दुसरा पाय हलायला लागला. थंडी वाजत असेल, म्हटलं. मग तो जोरात हलू लागला. स्पीकरवरून टेक्निशियन ओरडला, "पाय हलवू देऊ नका!" मी हातातला अंगठा आणखी दाबला. नळीतून त्यांचा आवाज आल्यासारखा वाटला, पण त्या ठणठणाटात शब्द कळेनात. फुग्यावरची बोटं आवळत चालली होती.

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. मी इमानदारीनं उजवा अंगठा धरून बसलो होतो. बधिर पायाचा.

झेप घेऊन डावा धरला. पाय तिथेच शांत झाला. फुग्यावरची बोटं सैल पडली. पुढची सगळी मिनिटं मी श्वाससुद्धा बेतानं घेतला.

फोटो स्वच्छ आले. बाहेर आल्यावर मामाजींनी चपला घातल्या, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जावईबापू, त्या दिवशी गनर तुमी असते, त मी अजून टँकमंदीच असतो."