बारा नंबरचा आवाज

जालन्याच्या मस्तगड भागात माझं रेडिओ-टेपरेकॉर्डर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, एका कापडवाल्याच्या ओट्याशेजारची अरुंद खोली. भोकरदनकडच्या खेड्यातून मी जालन्यात आलो, कोर्स केला आणि सोल्डरचे टाके मारायला बसलो. हात चांगला होता. लोक तसं म्हणायचे आणि मला ते ऐकायला फार आवडायचं. पुढचं सगळं त्या आवडीपायी झालं, असं आता वाटतं.

आमच्या भागात तेव्हा लग्नाला एक बँड फार मागणीत होता. त्याच्या मालकाला सगळे मास्तर म्हणायचे. त्यांचे वडील जुन्या काळात सनई वाजवायचे. मास्तरांचा मेहुणा आखातात नोकरीला होता, त्यानं सुटीवर येताना एक जपानी सिंथेसायझर आणला. काळा, लांबलचक, पत्र्याचा, दोघांनी उचलावा एवढा जड. जालन्यात तोवर लोकांनी पेटी पाहिली होती, फार तर छोटा प्लास्टिकचा कीबोर्ड. पहिलं वर्षभर मास्तरांना त्यातलं काही कळलं नाही. पुस्तक इंग्रजीत होतं. मग रोज दुपारी दार लावून बसायचे, एकेक बटण दाबायचे, आकडा फिरवायचे, ऐकायचे, परत फिरवायचे. अशी दोनेक वर्षं घालवून त्यांनी स्वतःचे पंधरा-वीस आवाज तयार केले आणि मशीनच्या आत नंबर देऊन ठेवले.

त्यातला बारा नंबर सनईचा. तशी हुबेहूब सनई नव्हती ती. सुरुवातीला जरा हवा निसटल्यासारखी व्हायची, मग सूर धरायचा आणि शेवटी किंचित खाली घसरायचा. त्यांच्या वडिलांचे पुढचे दोन दात म्हातारपणी पडले होते, तेव्हा त्यांची सनई अशी वाजायची. मास्तर म्हणायचे, "बारा नंबर म्हंजे अब्बा." मुलगी सासरी निघाली की ते बारा नंबर लावायचे. मांडवातली बायामाणसं तर रडायचीच, बाहेर टेंपोजवळ विडी ओढत उभे असलेले ड्रायव्हरसुद्धा गप्प व्हायचे.

हळूहळू त्या मशीनचंच नाव झालं. लग्नाची तारीख काढताना लोक विचारायचे, "मास्तरचा काळा बाजा मोकळा हाये का?" बीडहून, औरंगाबादहून वाजवणारे नुसतं ते मशीन बघायला यायचे. दोघा-तिघांनी मुंबईला जाऊन, खटपट करून अगदी तेच मॉडेल आणलं. त्यांच्याकडे तो आवाज निघेना. मग बोलवा उठली की मास्तरच्या मशीनमध्ये वेगळा पार्ट आहे, जपानमध्ये तसे मोजकेच बनले. मला कोणी विचारलं की मीही मान हलवून म्हणायचो, "आत काही तरी खास हाये." मी ते उघडून कधी पाहिलं नव्हतं. पण दुरुस्तीवाला म्हणून मला ठाऊक असायला हवं, अशी लोकांची समजूत होती आणि मला ती मोडवत नव्हती.

तेच मॉडेल आणणाऱ्यांपैकी औरंगाबादचा एक वाजवणारा माझ्याकडे दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी जाताना म्हणाला, "तुमच्या हाताखाली येईलच कधी तरी. तेव्हा तेवढं बघून ठेवा, आत काय बसवलंय. जालन्यात तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाला ते कळणार नाही." मी हो म्हणालो. त्यानं मला काही देऊ केलं नव्हतं. तेवढ्या कौतुकावरच मी तयार झालो.

आणि एका उन्हाळ्यात मशीन खरंच आलं. भोकरदनच्या एका लग्नात मधली एक पट्टी दाबली की वर येईना. मास्तरांनी वाजवणं तिथंच थांबवलं, मशीन चादरीत गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट माझ्या दुकानात आणलं.

"एक पट्टीच अडकली," ते म्हणाले. "बाकी कशाला हात लावू नको, भाऊ. संध्याकाळी घेऊन जातो."

पट्टीचं काम दहा मिनिटांचं होतं. खालचं रबर सरकलं होतं, बसवलं आणि झालं. मी मागचे स्क्रू परत आवळायला हवे होते. पण मी दुकानाचं दार अर्धं लोटलं आणि आत शोधायला बसलो.

खास असं काहीच दिसलं नाही. इतर यंत्रांत असतात तसेच पार्ट, जरा जास्त. मी एकेक सर्किटची पाटी काढून खालची बाजू बघत होतो. एका कोपऱ्यात नाण्याएवढा सेल होता, दोन पत्र्याच्या जिभांनी टाका मारून बसवलेला. मला वाटलं, घड्याळाबिड्याळाचा असेल. जुना दिसत होता, गळेल म्हणून काढून ठेवला. खरं सांगायचं तर गळण्याचं ते निमित्त होतं. त्याच्याखालच्या पार्टवरचं नाव मला वाचायचं होतं. ते नाव मी कागदावर उतरवून घेतलं, सेल परत टाका मारून जागेवर बसवला, सगळं बंद केलं आणि मशीन चालू करून पाहिलं.

बारा नंबर दाबला. कुकरच्या शिट्टीसारखं काही तरी वाजलं आणि बंद पडलं. अकरा दाबला, नुसती खरखर. एक, दोन, तीन, कुठंच काही नाही. ज्या सेलच्या जोरावर मास्तरांचे आवाज आत टिकून होते तो मी पाच मिनिटं बाहेर ठेवला होता. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मी परत उघडलं, परत टाके तपासले, परत चालू केलं. दुपारचं जेवण तसंच डब्यात राहिलं.

संध्याकाळी मास्तर आले. मी म्हणालो, "पट्टी झाली. पण मास्तर, आवाज गेल्ते की आधीच?"

त्यांना कळेना. त्यांनी बसून बारा नंबर दाबला. मग परत दाबला. मग एक ते वीस सगळे, एकेक करून, अगदी सावकाश. मी तिकडे न बघता कुठल्याशा रेडिओचं झाकण पुसत होतो.

"काल कशावर लावलं होतं?" मी विचारलं.

"मंडपवाल्याच्या जनरेटरवर." ते म्हणाले. "शेवटी शेवटी खोकत होता जनरेटर. लाइटी कमी-जास्त होत होत्या."

त्यांनीच मला वाट दाखवली आणि मी लगेच तिच्यावर पाय ठेवला. "मंग तिथंच झटका बसला," मी म्हणालो. "हे लई नाजूक असतं."

मंडपवाले आणि मास्तर लहानपणापासूनचे मित्र. एकाच गल्लीत वाढलेले. लग्न ठरलं की एकानं मांडव घ्यायचा आणि दुसऱ्यानं बँड, असं त्यांचं वर्षानुवर्षं चालत आलेलं. मास्तर माझ्या दुकानातून थेट त्यांच्याकडे गेले. तिथं काय झालं ते मी ऐकीव सांगतो. मंडपवाले म्हणाले, जनरेटर बराबर होता, डिझेलमध्ये कचरा आल्ता म्हणून जरा खोकला, त्यानं मशीन जळत नाही. मास्तर म्हणाले, "मेकॅनिक खोटं बोलंल काय?" त्या दिवसानंतर दोघांनी एका लग्नात काम केलं नाही. जनरेटरनं मास्तरचा बाजा जाळला ही गोष्ट तालुकाभर झाली आणि बाकीचे बँडवालेही मंडपवाल्यांच्या लाइटीवर वाजवायला कचरू लागले. पुढं मंडपवाल्यांनी तो धंदा गुंडाळला आणि एमआयडीसीत एका बियाण्याच्या कारखान्यात राखणीला लागले.

मास्तरांनी आवाज परत बनवायचा प्रयत्न केला. दोन पावसाळे गेले. एकदा मला घरी बोलावून ऐकवलं आणि विचारलं, "कसं वाटून राह्यलं?" मी म्हणालो, बिलकुल तसंच आहे. ते म्हणाले, "न्हाई. जवळ जाऊन राह्यलं, पण अब्बा न्हाई."

त्यांच्या घरात चहा पिताना मला अनेकदा वाटलं, सांगून टाकावं. मग वाटायचं, आता सांगून आवाज थोडाच परत येणार आहे. असं मनाशी म्हणत मी किती वर्षं काढली ते लिहायचीही लाज वाटते. औरंगाबादच्या त्या माणसाला मात्र मी पार्टचं नाव कळवलं होतं. त्याचा त्याला काही उपयोग झाला नाही. तो पार्ट त्याच्याही मशीनमध्ये होताच.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. बँड बंद पडत चालले होते, वरातीत डीजे आला होता. एक दिवस पुण्याहून तिशीतला एक माणूस माझ्या दुकानात आला. कॉम्प्युटरवर संगीत करायचा. म्हणाला, त्या जुन्या काळ्या मशीनला आता फार किंमत आली आहे, परदेशातसुद्धा लोक शोधत फिरतात. मी विचारलं, "आता तर नवीन यंत्रात हजार आवाज येतात. मंग हे जुनं कशाला?"

तो म्हणाला, "नवीन यंत्रात सगळं सुरात असतं. यात सूर तयार करणारे दोन भाग आहेत, ते तापले की एकमेकांपासून जरा सरकतात. कंपनीनं ते सरळ करायला बटण दिलं होतं. पण काही लोकांनी ते दाबलंच नाही, आणि त्यांनी वाजवलेलं ऐकून बाकीचे वेडे झाले. मशीनचं नाव होतं ते अशा दोन-चार माणसांमुळे."

मग त्यानं सांगितलं की त्याच्याकडे जालन्याच्या एका लग्नाची जुनी कॅसेट आली आहे आणि त्यातला वाजवणारा त्याला शोधायचा आहे. मी त्याला मास्तरांकडे नेलं. नाही कसं म्हणणार?

त्यानं लॅपटॉपवर ते रेकॉर्डिंग लावलं. मागं भांड्यांचा आवाज, कोणी तरी कोणाला हाका मारतंय, आणि मधून बारा नंबर. मास्तर पलंगाच्या कडेला बसले होते. त्यांनी डोळे मिटले. संपल्यावर म्हणाले, "परत लाव."

तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्या माणसानं कोपऱ्यातल्या काळ्या मशीनवर हात ठेवून विचारलं, "हा आवाज अजून आत आहे?"

"उडाला. जनरेटरच्या झटक्यानं सगळेच उडाले."

"झटक्यानं बाकी मशीन चांगलं राहून फक्त आवाज जातील असं मला वाटत नाही, काका. आतला सेल कोणी काढला होता का? सेल काढला की असं होतं. आणि मागं हे बघा, टेप लिहिलेलं भोक. इथं साधा टेपरेकॉर्डर लावला असता तर सगळे आवाज एका कॅसेटवर उतरले असते."

मशीन आलं त्या दिवशी माझ्या दुकानात दहा-बारा टेपरेकॉर्डर दुरुस्त होऊन पडले होते. ते भोक मी पाहिलंही होतं.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. पुण्याचा माणूस रेकॉर्डिंगची एक सीडी ठेवून निघून गेला, मीही त्याच्याबरोबर बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा परत गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. औरंगाबादच्या माणसाचंसुद्धा.

मास्तर ओरडले नाहीत. चपला घातल्या. म्हणाले, "मला सांगून काय फायदा? गाडी काढ."

माझ्या स्कूटरवर आम्ही एमआयडीसीत गेलो. कारखान्याच्या फाटकाशी मंडपवाले खुर्चीवर बसले होते. मास्तरांना बघून उठले, पण पुढं आले नाहीत. मी त्यांना तेच सगळं परत सांगितलं. आत येणाऱ्या ट्रकसाठी त्यांना मधेच फाटक उघडावं लागलं, तेवढा वेळ मी तसाच थांबलो आणि मग उरलेलं सांगितलं.

ऐकून ते माझ्यावर चिडतील असं मला वाटलं होतं. ते मास्तरांकडे वळले.

"हा तर परका माणूस," ते म्हणाले. "त्याची चूक झाली, तो घाबरला. तुला मी किती डाव सांगितलं, जनरेटर बराबर होता म्हणून? तू माझं का न्हाई ऐकलं?"

मास्तर खाली बघत चपलेनं माती उकरू लागले. ते बघवेना म्हणून मी म्हणालो, "त्यांचा काय दोष, मीच..."

"तू जा," मंडपवाले म्हणाले. "तुझं झालं ना सांगून? मंग जा."

मी मास्तरांना तिथं सोडून आलो. ते परत कसे आले, दोघांत काय बोलणं झालं, मला कधी कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही आणि कोणी आपणहून सांगितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात एकदा दुपारी मी दुकानात बसलो होतो. रस्त्यावरून दोन म्हातारे चादरीत गुंडाळलेलं काही तरी लांब, जड, दोन टोकांना धरून नेत होते. पुढं मास्तर, मागं मंडपवाले. मशीनचं काही तरी बिघडलं असणार. मी उठून पायरीवर आलो. मास्तरांनी माझ्याकडे बघून थोडी मान हलवली. मंडपवाल्यांनी बघितलं नाही. दोघं तसेच पुढं गेले आणि चार दुकानं सोडून एका नव्या मेकॅनिकनं दुकान टाकलं होतं, त्याच्या पायऱ्या चढले.